ग्रॅनाइटचा ओटा

"आमले ओटा जोयजे," बेबाबाईनं ठणकावून सांगितलं आणि सतरंजीवरच्या सगळ्या बायकांनी माना डोलावल्या.

"ओटा तर असणारच की मावशी!" मनन कोठारी खुशीत म्हणाला. "तोही साधा नाही, ग्रॅनाइटचा."

"ते काय ऱ्हास?"

"काळा दगड. एकदम गुळगुळीत. फडकं मारलं की स्वच्छ."

बायका एकमेकींकडे पाहून हसल्या. सरकार काळा गुळगुळीत दगड देतंय म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? बेबाबाई मात्र हिशेबी बाई. तिनं विचारलं, "अन् रुंद किती राही?"

"दोन फूट."

"दोन फूटवर कोन बशी, भाऊ?"

"बसायचं कशाला त्याच्यावर!" मनन म्हणाला, आणि देवळासमोरची सगळी सभा खो खो हसत सुटली. बायकांना वाटलं, नाशिकहून आलेलं हे पोर काय गमतीचं आहे, ओट्यावर बसायचं नाही म्हणे. मननला वाटलं, या बायका काय गमतीच्या आहेत, गॅसशेजारी चढून बसायचं म्हणतात. पालिकेच्या शिपायानं नेमका तेवढ्यात फोटो काढला.

हसली नाही ती एकटी कुमुद बाविस्कर. म्हणजे आधी हसली, सवयीनं. मग तिचं हसू जागच्या जागी थांबलं, कारण दोन्हीकडचं बोलणं तिला एकटीला कळलं होतं.

कुमुद पालिकेत समुदाय संघटक होती. पद ऐकायला भारदस्त, पण काम म्हणजे बचत गटांच्या बैठका घ्यायच्या, योजना समजावून सांगायच्या, साहेबांचं बोलणं बायकांना आणि बायकांचं बोलणं साहेबांना कळेल असं करून द्यायचं. नोकरी कंत्राटी, दर वर्षी मार्च आला की मुदतवाढीसाठी तोंड पाडून उभं राहायचं. त्या वर्षी केंद्राकडून घरांसाठी आणि वस्तीसुधारणेसाठी मोठा निधी यायचा होता. तो शहरात कुठे आणि कसा लावायचा, याचा आराखडा मननच्या कंपनीनं करायचा होता. आराखड्याला लोकांचं मत लागतं, आणि ते गोळा करायला कुमुद.

आता ओटा म्हणजे काय, हे खानदेशात कोणाला शिकवायला नको. दारापुढचा तो उंचवटा. कुमुदचं माहेर असोद्याचं. तिचं निम्मं बालपण ओट्यावर गेलेलं. पण फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाचा ओटा स्वयंपाकघरात असतो, त्यावर गॅसची शेगडी असते. वस्तीतल्या बायकांची शेगडी लाकडी टेबलावर किंवा जमिनीवर. तिला कोणी ओटा म्हणत नव्हतं. शब्द एक, आणि त्याच्या दोन टोकांना दोन माणसं बसून एकमेकांना हसत होती.

बेबाबाईचा ओटा वस्तीत सगळ्यात मोठा होता. होळी झाली की तिथे पाच-सहा जणी बसून ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या थापायच्या, उडदाचे पापड लाटायच्या. ऑर्डरी धुळ्यापर्यंतच्या. आणि त्याच ओट्याच्या एका कडेला, भिंतीशी गादी टाकून, उखर्डूनाना. बेबाबाईचा नवरा. अर्धांगाचा झटका आल्यापासून डावी बाजू गेलेली. सकाळी त्यांना उचलून ओट्यावर आणायचं आणि दिवे लागले की आत न्यायचं, एवढाच त्यांचा प्रवास. पण ओट्यावर बसले की नाना वस्तीचे पाटील. "कोन जाई ऱ्हायनं?" अशी हाक मारल्याशिवाय पुढून कुत्रंही जाऊ द्यायचे नाहीत. जाणारा थांबायचा, तंबाखू मळून द्यायचा, बाजारातली बातमी सांगायचा. डॉक्टरनं दिलेल्या गोळ्यांपेक्षा त्यांना हे जास्त लागू पडलं होतं.

कुमुदला त्याच क्षणी बोलता आलं असतं. "सर, त्या दारापुढच्या ओट्याबद्दल बोलतायत," एवढं एक वाक्य. पण त्या वाक्यापाठोपाठ काय येणार, हेही तिला ठाऊक होतं. दारापुढे ओटा म्हणजे जमिनीवरचं घर. तशी योजना होती. आपल्या जागेवर बांधा, सरकार मदत करतं. पण त्यासाठी वस्तीतल्या जागा आधी लोकांच्या नावावर करायला हव्यात, मोजणी हवी, त्यात वर्ष-दोन वर्षं सहज जाणार. दुसरी वाट सोपी होती. गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर चार मजली इमारती. मुख्याधिकारी सकाळीच म्हणाले होते, "बाविस्कर मॅडम, आज होकार घेऊनच या. मार्चच्या आत प्रस्ताव गेला नाही तर निधी दुसरं शहर उचलेल." आणि मग दाराकडे जाता जाता, "तुमच्या मुदतवाढीची फाइलही माझ्याकडेच आहे."

कुमुदनं मनाशी म्हटलं, आता नको, सगळ्यांसमोर मननची फजिती होईल. नंतर सांगू.

तेवढ्यात बेबाबाई तिच्याकडेच वळली. मननवर तिचा पूर्ण विश्वास बसला नसावा. "कुमुद, तू सांग. तिसरा मजला असो का चवथा, माले काही नही. पन ओटा राही ना?"

"राहील, मावशी," कुमुद म्हणाली.

खोटं नव्हतं ते. ओटा राहणारच होता. घरी जाताना कुमुदनं स्वतःला हेच दहादा बजावलं, आणि खरं बोलल्यावर माणसाला असं दहादा बजावावं लागत नाही, हेही तिला कळत होतं.

आराखडा मंजूर झाला. छापून आला तेव्हा मुखपृष्ठावर तोच फोटो होता: मनन हसतोय, बायका हसतायत, बेबाबाई तोंडावर पदर धरून हसतेय, आणि खाली ठळक अक्षरांत ‘लोकसहभागातून विकास’. मुख्याधिकाऱ्यांनी कुमुदची पाठ थोपटली. मुदतवाढ मिळाली. ‘नंतर सांगू’ मधलं नंतर काही उगवलं नाही. आधी निविदा निघाली, मग खोदकाम सुरू झालं, मग आता बोलून काय उपयोग असं झालं.

घरांच्या चाव्या वाटल्या त्या दिवशी बेबाबाई नारळ, हळदकुंकू घेऊन आली होती. सोडतीत तिला तिसरा मजला लागला होता. तळमजल्यावर घरं नव्हतीच, गाड्या लावायची जागा होती, आणि लिफ्ट पुढच्या टप्प्यात होती. नानांना पुतण्यांनी खुर्चीत बसवून वर चढवलं. चढवणारे घामाघूम झाले, नाना मात्र प्रत्येक वळणावर "जय रामजी की" करत होते. लग्नाच्या वरातीत निघाल्यासारखे.

घर पाहून बेबाबाई हरखली. खोटं कशाला सांगा, हरखण्यासारखंच होतं. नळ सोडला की पाणी, घरातल्या घरात संडास, पावसात न गळणारं छप्पर. जन्मभर बाहेर गेलेल्या बाईनं संडासाचं दार तीनदा उघडून बंद केलं. कुमुदला वाटलं, सुटले. एवढ्या सुखापुढे ओट्याचं काय!

मग बेबाबाई दाराबाहेर आली. अरुंद बोळ, समोर दुसऱ्याचं बंद दार, बाजूला जिना. तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"अन् ओटा?"

ठेकेदाराचा माणूस तिला कौतुकानं आत घेऊन गेला. "हा काय, आजी! ग्रॅनाइट!"

बेबाबाई त्या काळ्या दगडापुढे उभी राहिली. तिनं त्यावर हात फिरवला. खरंच गुळगुळीत होता.

"हाऊ ओटा?" ती हळूच म्हणाली.

आणि तिनं कुमुदकडे पाहिलं. रागानं नाही. परक्या बाजारात हिशेब चुकला की माणूस सोबत्याकडे पाहतो, तसं. कुमुदनं पर्समधून फोन काढला, न वाजलेला फोन कानाला लावला आणि "हो सर, हो सर" करत तीन मजले खाली उतरून गेली.

त्यानंतर ती त्या इमारतीकडे फिरकली नाही. वस्तीची जुनी जागा तर चाव्या दिल्या त्याच आठवड्यात सपाट झाली होती. बचत गटाच्या बैठकीला ती दुसऱ्या संघटकाला पाठवायची, स्वतः मेहनतीनं दुसरी कामं शोधून काढायची. दर वर्षी बिबड्या बेबाबाईकडून घेणाऱ्या कुमुदनं त्या वर्षी फैजपूरच्या नणंदेकडून मागवल्या. नवरा म्हणाला, "यंदा चव वेगळी शे का?" तर ती त्याच्यावर उगाच खेकसली. कानावर येत होतं ते ती न ऐकल्यासारखं करत होती. बेबाबाईनं जिन्याच्या वळणावर पापड लाटायला घेतले, तर वरच्या मजल्यावरच्यांनी वाट अडते म्हणून तक्रार केली. बाकीच्या जणी वेगवेगळ्या इमारतींत विखुरल्या. धुळ्याच्या व्यापाऱ्यानं ऑर्डर दुसऱ्या कोणाला दिली.

पण वर्ष फिरलं आणि निधीचं चक्रही फिरलं. पुढच्या आराखड्यासाठी पुन्हा लोकांचं मत हवं होतं. या वेळी वस्तीसुधारणेचा भाग मोठा होता. दुसरी संघटक बाळंतपणाच्या रजेवर. मुख्याधिकारी म्हणाले, "मॅडम, त्या इमारती तुमच्याच. तुम्हीच जा."

तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत कुमुदला धाप लागली. दार अर्धवट उघडं होतं. पावलं ऐकून आतून आवाज आला, "कोन जाई ऱ्हायनं?"

नाना पलंगावर होते, तोंड भिंतीकडे. खिडकी होती, पण ती त्यांच्या डोक्यापेक्षा उंच. तिच्यातून नुसतं आभाळ दिसत होतं.

"मी कुमुद, नाना."

"ये, ये माय. बाजार भरना का आज?"

बाजार काल होऊन गेला होता. कुमुदनं "भरला" म्हणून सांगितलं. मग त्यांना बरं वाटेल म्हणून केळीचा भाव सांगितला, नात्यातल्या एका लग्नाची बातमी सांगितली. नाना एकेक गोष्ट घोट घोट घेत होते. त्यांचा उजवा हात पांघरुणावर तंबाखू मळल्यासारखा हलत होता.

बेबाबाई चहा घेऊन आली. वाळली होती. "किती दिसमा उनी वं तू! आमले वाटनं, कुमुद इसरी गयी." तिनं दोन्ही कप स्टुलावर ठेवले आणि जवळ बसली. कुमुद चाचरत म्हणाली, की नवा आराखडा होतोय, काय हवं ते सांगा.

बेबाबाईनं कुमुदच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तू मनवर लेऊ नको वं माय. तू का येत नही ते माले समजस. तुनी काय चूक? चूक ते आमनी. आम्ही अडानी बाया, आमले सांगता नही उनं. आम्ही आमना शबद सांगा, त्यासना शबद दुसरा व्हता."

कुमुदला वाटलं, ही बाई शिव्या देती तर बरं झालं असतं. शिव्या खाऊन उठता आलं असतं.

"आते पुढला बारले तसं नको व्हवाले," बेबाबाई म्हणाली. ती जणू हे बरेच दिवस योजून बसली होती. "खाले मोकळी जागा शे. तठे एक ओटा करी दिधा ते बठ्ठ्या बाया बसतीन. यासले बी कोनी खाले लई जाई. पन बराबर सांगाले जोयजे. तुमना हाफिसमा त्याले काय म्हंतस? आम्ही बसतस त्या ओटाले? तो शबद तू माले शिकाडी दे. मी पाठ करी लेसू."

कुमुदला सुटायला वाट होती. ‘चबुतरा’ म्हणाली असती, ‘सामाईक बैठक व्यवस्था’ म्हणाली असती. आराखड्यात असे शब्द पोत्यानं होते. बेबाबाईनं तो पाठ केला असता, सभेत उभं राहून घोकला असता, आणि आपलीच चूक होती म्हणून जन्मभर समाधानानं राहिली असती. कुमुदचं नाव तिच्या तोंडी चांगलंच राहिलं असतं.

पलंगावरून नानांनी विचारलं, "कोन गया?" जिन्यावरून कोणीतरी उतरत होतं.

"ओटाच म्हणतात, मावशी," कुमुद म्हणाली.

"आं?"

"त्यालाही ओटाच म्हणतात. आमच्या ऑफिसातही. दुसरा शब्द नाही."

बेबाबाईचा हात तिच्या गुडघ्यावर तसाच होता. मग तो हळूच उचलला गेला. तिनं कुमुदच्या तोंडाकडे पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं.

"म्हंजे तुले समजेल व्हतं," ती म्हणाली. विचारलं नव्हतं तिनं, त्यामुळे उत्तर द्यायची तशी गरज नव्हती.

"हो," कुमुद म्हणाली. "तेव्हाच."

आणखी पुष्कळ सांगायचं तिच्या मनात होतं: मार्च, मुदतवाढ, साहेब, पोरांच्या फिया. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. या वेळी ओट्याची मागणी मी सोडणार नाही, हेही तिला म्हणायचं होतं. पण आपल्या शब्दावर आता कोणी विसंबावं असं तिचं तिलाच वाटेना.

बेबाबाई उठली. नानांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं, उशी जराशी उचलून दिली. वळून तिनं स्टुलावरचा कप कुमुदपुढे सरकवला. पाहुणी कोणीही असो, तिला चहा द्यायचाच, असं तिच्या हाताला वळण होतं.

"चहा ल्या," ती म्हणाली. "थंडा व्हई जाई तुमना."