टोपली भरली की उठायचं

नीलाबाईची टोपली लहान होती आणि त्यावरून अख्खं गाव तिला हसायचं. फार तर पायलीभर मोहफुलं मावायची तिच्यात. टोपली भरली की बाई उभी राहायची, कंबर ताठ करायची, चहूकडे नजर फिरवून एक हाळी द्यायची आणि झाडाबुडी अंथरलेल्या जुन्या लुगड्यावर फुलं ओतायची. अशा चार टोपल्या झाल्या की घर. झाडाखाली कितीही सडा पडलेला असो, ती वळून बघत नसे. उरलेला दिवस तिचा स्वतःचा असायचा. गुळाचा चहा, दोन शेळ्या, दुपारी कडुनिंबाखाली अशी गाढ झोप, की बघणाऱ्याला हेवा वाटावा.

सून दिव्यानीला हे काही पटत नव्हतं. होळीआधी शेजारच्या रंजीताने आरमोरीहून भिंतभर टीव्ही आणला. भिंत अजून कुडाचीच होती, ती गोष्ट वेगळी. त्या टीव्हीत दिव्यानीचा जीव अडकला. जास्त मोह वेचून पैसे जमवायची युक्ती रंजीतानेच तिला शिकवली. टोपली सोड, सिमेंटचं रिकामं पोतं, चुंगडी घे. बसल्या बसल्या ओढायची आणि भरत जायची, सारखं उठायची कटकट नाही. नीलाबाईचा मुलगा अंकुश घुग्घुसला ट्रकवर होता. बायकोचा शब्द खाली पडू न देणारा गडी, पुढच्या सुट्टीत दहा चुंगड्या घेऊन आला.

नीलाबाईने तेव्हाच बजावलं होतं, की वाकून सरकणारी पाठ लांबून चितळासारखीच दिसते. उभं राहिलं तरच त्याला कळतं की हा माणूस आहे. ‘त्याला’ म्हणजे कोणाला, हे ती बोलली नाही. रानातल्या माणसांनी त्याचं नाव घेऊ नये.

“आई, तुमच्या टोपलीनं तं सात जन्मात टीव्ही येनार नाई,” दिव्यानी म्हणाली होती.

नीलाबाईने हट्ट सोडला. सुनेच्या हौसेच्या आड येणारी सासू म्हणून नाव व्हायला नको, असं तिला वाटलं. चुकलंच तिचं.

त्या साली रानाची लक्षणं ठीक नव्हती. नाला लवकर आटला. तळ्याच्या चिखलात वाटीएवढे ठसे दिसले. वनखात्याचा माणूस येऊन सांगून गेला, की मोह वेचायला एकट्यादुकट्याने जाऊ नका. बायांनी माना डोलावल्या आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता झाडं वाटून घेतली. नीलाबाईला वाटेजवळचं, दिव्यानीला त्यापलीकडचं, रंजीताला नाल्याच्या काठावरचं.

पहिली टोपली भरली तेव्हा नीलाबाईने उठून हाळी दिली. दिव्यानीने बसूनच ओ दिली. दुसऱ्या टोपलीच्या वेळी तिची ओ जरा लांबून आली. तिसऱ्यांदा नीलाबाई उठली, तेव्हा अर्जुनाच्या झाडावर एक वानर खाकरलं आणि एकदम गप्प झालं. पाखरंही गप्प झाली.

झुडपांच्या कडेला पांढरी चुंगडी होती. चुंगडीजवळ सुनेची वाकलेली पिवळी पाठ होती. त्या पाठीमागे पंधरा हातांवर वाळलेलं गवत हलत होतं, आणि वारा अजिबात नव्हता.

नीलाबाईने टोपली पायाशी रिकामी केली आणि काठी उचलली. ओरडावं तर पोर पळेल, आणि पळणाऱ्याचं काय होतं ते तिला ठाऊक होतं. तिने रोजच्याच आवाजात हाक मारली.

“दिव्यानी, भरली टोपली. ऊठ.”

“अर्धीच झाली, आई.”

“भरली म्हनलं ना. ऊठ.”

सासूच्या आवाजात काहीतरी होतं. दिव्यानी कमरेवर हात ठेवून उभी राहिली, सरळ, पूर्ण उंचीने. गवत थांबलं.

रिकामी टोपली काठीने बडवत नीलाबाई एकेक पाऊल टाकत तिच्यापर्यंत गेली आणि तिने सुनेचं मनगट घट्ट धरलं. दिव्यानीने मान वळवून पाहिलं. गवताआडून पिवळंकाळं काहीतरी उठलं, दोघींकडे बघितलं आणि काही घाई नसल्यासारखं दुसऱ्या बाजूला निघून गेलं.

दिव्यानीला रडू कोसळलं. “नको मले टीव्ही, आई. काईच नको.” चुंगडी तिथेच पडली होती, तिच्याकडे तिने बघितलंही नाही. नीलाबाईने तिला छातीशी धरलं. पोर दोन पायांवर उभी होती, याहून जास्त तिला आयुष्यात काही नको होतं. कितीतरी वेळ ती तशीच उभी राहिली असती.

पण दिव्यानीचं रडणं मध्येच थांबलं. ती नाल्याकडे बघत होती. गवत हलत हलत त्याच बाजूला चाललं होतं.

“रंजीता!” दोघी एकदम ओरडल्या. “ऊठ! उभी राय!”

नाल्याच्या काठावरून लगेच ओ आली. आवाज हसरा होता आणि अगदी जमिनीलगतून येत होता.

“थांबा ना बाई, थोडीशीच राह्यली. भरू द्या.”