आधी मला सांगत जा

माणसं असल्या वस्तूवर चारचौघांत इतकं मोकळं लिहितात तरी कशी, हेच समीक्षाला कळेना. अंगणवाडीतली पोरं खिचडी खाऊन घरी गेली होती, भांडी घासून उपडी घातली होती आणि दाराला कडी लावून ती मानसीच्या मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसली होती. मानसी म्हणजे पोलादपूरहून वाडीवर येणारी नर्स. लसीचा डबा बाजूला सारून ती एकेक व्हायब्रेटर उघडून दाखवत होती, जशी काही मिक्सरच दाखवतेय.

"ही वायरवाली बघ. जोर चांगला आहे म्हणतात."

"पावसात आमच्याकडे लाइट असते कुठे? आणि एवढं मुसळ लपवू कुठे मी, तांदळाच्या कणगीत?"

"मग छोट्यातली बघू. ही पेनाएवढी. हलकी आहे, पण लिहिलंय बघ, आवाज डासासारखा बारीक आणि नुसती वरची कातडी बधिर होते."

"बधिर व्हायला वेगळं मशीन कशाला हवंय मला?" समीक्षा म्हणाली. दोघी हसल्या आणि मग हसू आपोआप थांबलं.

"ही तिसरी," मानसी बोटानं पुढचं उघडत म्हणाली. "तळहातात मावते. मान वाकते, डोकं मऊ सिलिकॉनचं, चार्जिंग टिकतं. आवाज मात्र जाडा आहे, घुमतो. पण आत खोलवर पोचते, असं सगळ्याच बायका लिहितायत. तुझ्या सासूबाई असतात ना घरात?"

"त्यांना कमी ऐकू येतं," समीक्षा म्हणाली. "हीच मागव. तुझ्या पत्त्यावर."

तिथेच फसली बिचारी. पण ते पुढे येईलच.

हे सगळं कशासाठी, तर दोन पावसाळ्यांमागे समीक्षाच्या गर्भाशयात कॅन्सर निघाला होता. मुंबईला ऑपरेशन झालं, मग रेडिएशन झालं, केस गेले आणि आलेही. जीव वाचला म्हणून कुलदैवताला नारळ फुटले, सगळ्यांनी हुश्श केलं. पण कमरेखालचं अंग तिला परत मिळालं नाही. लाकूड झालं होतं नुसतं. नवरा मंगेश भला माणूस, महाडच्या कारखान्यात शिफ्ट करून थकून यायचा. "तुला त्रास नको," म्हणत त्यानं पडवीत अंथरूण टाकलं ते तिथंच राहिलं. त्या भलेपणाचा तिला किती राग यायचा, हे ती कुणाला सांगणार? तपासणीला गेली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं म्हणून ती बोलली. त्या म्हणाल्या, "तिथे रक्त खेळायला हवं. छोटासा व्हायब्रेटर घे. लाजू नकोस, औषधच आहे ते."

औषध म्हटलं की आपल्याकडे सगळं चालतं. पण हे औषध फळीवर खोकल्याच्या बाटलीशेजारी ठेवता येत नाही, हेही खरं. आणि खरं सांगायचं तर समीक्षाला नुसतं औषध नको होतं. तिला तिचं अंग परत हवं होतं. जिवंत अंग, ज्याला काही आवडतं आणि काही आवडत नाही असं.

आता सासूबाईंचं ऐका. आनंदीबाईंना कानानं कमी ऐकू यायचं हे अगदी खरं, पण त्यांचे तळपाय जागे होते. त्यांची धाकटी बहीण रंगूबाई तळीयेला दिलेली. एकवीस सालच्या जुलैत, धो धो पावसात, रंगूबाईचा फोन आला होता, "अक्का, भुई घुरघुरतेय गो." एवढंच. पुढे रेंज गेली ती गेलीच, आणि बहीणही डोंगराखाली गेली. तेव्हापासून आनंदीबाई खाटेवर झोपल्या नाहीत. जमिनीवर पडायच्या, अनवाणी वावरायच्या, पावसात तर तासन् तास भिंतीला पाठ आणि भुईला पाय लावून बसायच्या. वाडीच्या माथ्यावरही तसाच डोंगर होता. म्हणून वाडीनं एक पितळी थाळी त्यांच्याच दाराशी टांगली. त्यांनी थाळी बडवली की हातातलं टाकून सगळ्यांनी खालच्या शाळेत जायचं, असं ठरलं होतं. मागच्या वर्षी त्यांनी ती बडवली आणि निघालं काय, तर पलीकडच्या रस्त्यावर जेसीबी चालला होता. लोक हसले, चहा प्यायले, घरी गेले.

आषाढातली ती दुपार. मंगेश ड्युटीवर, आनंदीबाई ओटीवर पडलेल्या. समीक्षा आतल्या खोलीत, लाकडी खाटेवर, दार लावून. याआधी बऱ्याचदा तिनं आवाजाला भिऊन ते मशीन अगदी कमी जोरावर लावून पाहिलं होतं आणि प्रत्येक वेळी निराश होऊन कपाटात साड्यांखाली कोंबलं होतं. त्या दुपारी मात्र आत कुठंतरी मुंग्या आल्यासारखं झालं. तिला वाटलं भास असेल. तिनं पहिल्यांदाच जोर एक घर वाढवला, मशीन जाड आवाजात घुमलं, आणि पुन्हा तेच झालं, आणि या वेळी नक्की झालं. तिला रडूच फुटलं. आनंदानं माणूस इतकं हमसून रडतं, हे तिला माहीत नव्हतं.

आणि बाहेर थाळी वाजली.

तिनं झटक्यात मशीन बंद केलं, अंगाला साडी गुंडाळली आणि सासूचा हात धरून धावत सुटली. अख्खी वाडी धावली. भिजत, घसरत, म्हातारी माणसं पाठीवर घेऊन. शेजारचा मालोजी पायठणीच्या दगडी पायऱ्यांवरून घसरला आणि त्याचं मनगट मोडलं. शाळेत सगळी जीव मुठीत धरून बसून राहिली. डोंगर आपला जागच्या जागी. पाऊसही उघडला.

"थाळी बडवली आणि थांबलं बघ," आनंदीबाई पुटपुटत होत्या. "त्ये असं थांबत नाय गो. पन व्हतं. माझ्या पायाला लागत व्हतं."

खाटेचे पाय, सिमेंटची भुई, आणि त्याच भुईवर पलीकडे टेकलेले म्हातारीचे पाय. समीक्षाला सगळं एका क्षणात कळलं.

मालोजीचा हात गळ्यात बांधून आणला तेव्हा कुशाबा बोलले. ते वाडीतले वडीलधारे, मंगेशचे चुलते. "आनंदीवयनी, रागवू नका. पन ह्ये आता रोजचं झालं. सक्काळी देवळात बसू. थाळी पोरांकडं देऊ. मोबाईलवर धोक्याचा मेसेज येतो म्हनं हल्ली." आनंदीबाईंनी मान खाली घातली. कुणीतरी मागून म्हणालं, बहीण गेल्यापासून हिचं डोकंच फिरलंय. ते त्यांना ऐकू आलं नसेल, पण समीक्षाला आलं.

घरी आल्यावर तिनं चूल पेटवली नाही, की दिवा लावला नाही. सरळ कपाटातून ते मशीन काढलं, चालू केलं आणि सासूच्या तळहातावर ठेवलं. आनंदीबाई दचकल्या. मग त्यांनी ते स्वतःच भुईला टेकवलं आणि शेजारी पाऊल ठेवलं.

"ह्येच!" त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. "मंग मी येडी नाय झाले."

"नाही आई. तुम्ही नाही वेड्या. हे माझं आहे."

"कशाचं हाय?"

समीक्षानं सांगितलं. कसं सांगितलं ते तिचं तिला माहीत. शब्द सापडत नव्हते, जे सापडत होते ते डॉक्टरांचे होते, आणि तरी तिनं सगळं सांगितलं, मुंग्यांपर्यंत. आनंदीबाईंनी मशीन भुईवरून उचललं.

"मंगेश झाला नि माझं अंग बाहेर आलं," त्या म्हणाल्या. "तुझा सासरा पडवीत निजाया गेला. त्यो पुन्हा आत आलाच नाय. मी कुनाला सांगनार व्हते? चांगला मानूस म्हनून समद्यांनी नाव घेतलं त्याचं." मग त्यांनी मशीन पदरानं पुसलं आणि सुनेच्या हातात दिलं. "उद्या तू तोंड उघडू नको. थाळी गेली तर जाऊंदे. बाईची अब्रू वाडीच्या तोंडी द्यायची नाय."

समीक्षाला वाटलं, बरं झालं, सुटले. मग थाळी पोरांकडे जाणार, हे तिला आठवलं. पावसात मोबाईलला रेंज नसते. तळीयेलाही रेंजच गेली होती. म्हातारीच्या पायांवर कुणाचा विश्वास उरला नाही, तर ज्या दिवशी डोंगर खरंच निघेल त्या दिवशी एकही माणूस उठणार नाही. सगळी आपली चहा पीत बसतील. आपल्या मुंग्यांपायी.

सकाळी देवळात पुरुष एकीकडे, बायका एकीकडे. मंगेश शिफ्ट करून तसाच येऊन खांबाला टेकला होता. थाळी मधोमध ठेवलेली. कुशाबांनी घसा खाकरला आणि समीक्षा उभी राहिली. आनंदीबाईंनी तिचा पदर ओढला, तो तिनं सोडवून घेतला.

"थाळी काढू नका. आवाज खरा होता."

"कसला आवाज?"

"माझ्या मशीनचा. खाटेवर चालू होतं. ते भुईतून आईंना कळलं. तुम्हाला कुणालाही कळलं नाही, त्यांना कळलं."

"कसलं मशीन, सूनबाई?"

पळून जावं असं तिला वाटलं. "ऑपरेशननंतर मला कमरेखाली काही कळत नाही. अंगात जीव परत यावा म्हणून डॉक्टरांनी सांगितलं. बाईसाठीचं मशीन आहे ते. आणखी काय सांगू?"

पोरांत मोबाईल घेऊन बसलेल्या यशराजला समजलं, त्याची मान खाली गेली. बायकांत कुणीतरी फिस्सकन हसली, आणि तिच्याच शेजारणीनं तिला कोपर मारलं. या वयात असलं काही ऐकावं लागेल, असं कुशाबांना वाटलं नसणार. मग ते उठले, थाळी उचलली आणि आनंदीबाईंच्या पुढ्यात ठेवली.

घरी जाताना मंगेश समीक्षाच्या मागून चालत होता. "मला तरी सांगायचं होतंस," तो म्हणाला.

"तू विचारलंस कधी?" ती म्हणाली. त्या दिवशी त्यानं पडवीतलं अंथरूण गुंडाळलं आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवलं.

आनंदीबाई मात्र सुनेवर फुगून बसल्या. संध्याकाळी भाकरी खाता खाता एकदम म्हणाल्या, "वापर गो त्ये. सोडू नको. पन चालू करायच्या आधी मला सांगत जा. म्हंजी मी भ्यानार नाय."

मग तसंच सुरू झालं. दुपारी समीक्षा ओटीवर येऊन म्हणायची, "आई, मी आत जाते." आनंदीबाई मान हलवायच्या आणि पायरीवर जाऊन बसायच्या. कुणी आलं तर, "सून निजलीय, मागनं ये." भुई घुमायची, त्यांना कळायचं, आणि त्या निवांत वाती वळत बसायच्या. समीक्षाच्या अंगात हळूहळू ओळख परत येत होती. कधी यायची, कधी नाही. आली की तिचा अख्खा दिवस सोन्याचा व्हायचा.

श्रावणात पावसानं पुन्हा जोर धरला. मंगेशची सुट्टी होती, तो ओटीवर छत्री दुरुस्त करत होता. समीक्षा सैपाकघरात तांदूळ निवडत बसली होती. आनंदीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आज सांगितलं नायस?"

"काय, आई?"

"चालू केलंयस ना?"

"नाही आई. ते कपाटात आहे."

आनंदीबाईंनी पायाखालच्या भुईकडे बघितलं. समीक्षाच्या हातातलं सूप कधी पडलं ते तिला कळलंच नाही. तिनं धावत जाऊन थाळी खुंटीवरून काढली आणि सासूच्या हातात दिली.

त्या दिवशी कुणी काही विचारलं नाही. मशीन का, जेसीबी का, काही नाही. डोक्यावर घोंगडी घेऊन सगळ्यात आधी कुशाबाच बाहेर पडले, आणि घराघरात शिरून त्यांनी माणसं काढली. मालोजी प्लॅस्टरचा हात छातीशी धरून धावला. सगळे शाळेत पोचले आणि थोड्याच वेळात वरून तो आवाज आला. एकदा ऐकला की जन्मभर कानातून जात नाही असा. डोंगराची एक कड सुटून खाली आली. समीक्षाची आतली खोली गेली, गोठा गेला, कुशाबांचं अर्धं घर गेलं. माणूस एकही गेलं नाही. पुन्हा पुन्हा डोकी मोजली, सगळी होती.

कुणी रडत होतं, कुणी नुसतंच थरथरत होतं. आनंदीबाई भिंतीशी बसून "रंगू, रंगू" करत होत्या आणि समीक्षा त्यांचे पाय पुसत होती, चिखलानं भरलेले, थंडगार. म्हातारीनं एकदम तिचा हात धरला.

"त्ये घेतलंस का गो?"

"राहिलं, आई. आत होतं."

मंगेश शेजारीच बसला होता. "दुसरं मागवतो मी," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"ह्याच आवाजाचं मागव रे," आनंदीबाई म्हणाल्या. "बारीक नको. ह्यो मला वळखता येतो."