शेळीची शिंक

माझं काम आवाजांचं. पडद्यावर शेळी चालली की मी खडीच्या ट्रेमध्ये दोन लाकडी वाट्या आपटतो. शेळीने चारा खाल्ला की मी माइकसमोर कोबी चावतो. घरी मी कोबी आणत नाही.

लहान मुलांसाठी आम्ही जे कार्टून चित्रपट काढतो, त्यांची नायिका ही शेळी. गावातले सगळे प्राणी तिला पनवती म्हणतात, कारण ती शिंकली की कुणाचं तरी काहीतरी बिघडतं. पूल मोडतो, केक पडतो, कोंबड्याचा आवाज बसतो. शेवटी कळतं की पूल आधीच कुजलेला होता, केक उंदरांनी आतून पोखरला होता, शेळीचा काही दोष नव्हता. दर चित्रपटात हेच. मुलांना तरी दर वेळी नव्याने मजा वाटते.

ती शिंक माझ्या बायकोची आहे.

पहिल्या चित्रपटाच्या वेळी ती माझा डबा घेऊन स्टुडिओत आली होती. मी नुकतंच खडीचं पोतं रिकामं केलेलं, धूळ उडालेली, माइक चालू. तिला आधी 'आ... आ...' असे दोन छोटे झटके आले, मग दणदणीत शिंक आली, आणि स्वतःच्याच शिंकेने दचकून ती म्हणाली, "अगंबाई!" आमचा संकलक, ज्याला सगळे चष्मा म्हणतात, त्याने ते जपून ठेवलं आणि शेळीला लावून टाकलं. तिला कुणी सांगितलं नाही. थिएटरात ऐकल्यावर तिने मला चिमटा काढला. "अहो, ही माझी शिंक! मला न विचारता शेळीला देऊन टाकलीत?" पुढे मात्र भेटेल त्याला सांगत फिरायची की मी सिनेमात काम करते.

मागच्या वर्षी ती गेली. घरात आता मी करीन तेवढेच आवाज होतात.

चौथ्या चित्रपटाचं काम सुरू झालं. चष्म्याने शिंक लावली, तर वीज गेली. दुसऱ्या दिवशी लावली, तर कॉम्प्युटर बंद पडला. त्यानंतर लावली, त्या संध्याकाळी आमच्या दिग्दर्शिका बाईंची गाडी खांबाला घासली.

"बाई, तुम्ही मागे न बघता गाडी मागे घेतलीत," मी म्हणालो.

"मला कळतं हो, काका. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. पण उगाच विषाची परीक्षा कशाला?"

त्या दिवसापासून शिंकेचा प्रसंग जवळ आला की बाई कॉफीचा कप उचलून छातीशी धरायच्या. चष्मा तर त्याच्याही पुढे गेला. शेळीचं नाक वर झालं की तो आवाजच बंद करायचा आणि नाक खाली आलं की चालू करायचा.

शेवटी बाईंनी जाहीर केलं, शिंक बदलायची. "गेलेल्या माणसाची आहे, काका. बरं दिसत नाही."

"तिची काही हरकत नसती."

"तुम्हाला ऐकून त्रास होत असेल ना?"

"नाही ऐकली तर होतो."

बाईंनी कॉफीचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मुलांना नव्या शिंकेसकट चित्रपट दाखवू. कुणी काही बोललं नाही, तर जुनी कायमची काढायची. बोललं, तर राहील. मान्य?"

मान्य न करून सांगतो कुणाला?

मी घरी येऊन मुलीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, मान्य काय करता? भांडा!"

"शिंकेसाठी भांडू?"

"मग काय! आईचे फोटो पोत्याने आहेत, पण आवाज आहे का कुठे दुसरा?"

नव्हता. आम्ही दोघं आयुष्यभर एकाच घरात राहिलो, रेकॉर्ड कशाला करणार?

नव्या शिंकेसाठी एक बाई आल्या. नाटकात काम केलेल्या, गळा तयार. त्यांनी विचारलं, "शेळीची मनःस्थिती काय आहे?"

"सर्दी," मी म्हणालो.

त्या शिंकल्या. चांगल्या शिंकल्या, वाईट म्हणणार नाही. पण ती शिंक कुणाला आली नव्हती, त्यांनी आणली होती.

मुलांना चित्रपट दाखवायचा दिवस आला. हॉल भरलेला. मी दाराशी उभा, चष्मा आवाजाच्या बटणांपाशी. पडद्यावर बदकाचा वाढदिवस, मेणबत्त्या लावलेल्या, सगळे शेळीकडे संशयाने बघतायत. शेळीचं नाक वर झालं. मी डोळे मिटले.

काहीच ऐकू आलं नाही. डोळे उघडले तर शेळीने तोंड उघडून मिटलं होतं आणि मेणबत्त्या विझल्या होत्या. चष्म्याने सवयीने आवाज बंद केला होता. शिंक आता दुसरी आहे, हे त्याच्या हाताला कुणी सांगितलंच नव्हतं.

हॉल चिडीचूप. मग पुढच्या रांगेतल्या एका मुलीने दोन छोटे झटके दिले आणि शिंकली. तिच्यामागे सगळी रांग शिंकली, मग सगळा हॉल. आणि मग सगळी मुलं एका सुरात ओरडली, "अगंबाई!"

'बा' जरा वर नेऊन खाली सोडलेला, अगदी आमच्या हिच्यासारखा. त्यातल्या एकाही पोराने तिला कधी पाहिलं नव्हतं. मी भिंतीला टेकलो.

दिवे लागल्यावर ती मुलगी बाईंकडे आली आणि म्हणाली, "तिची शिंक कुठे गेली? ती नसेल तर मी नाही बघणार."

बाईंनी चष्म्याकडे बघितलं. चष्मा चपलांकडे बघत होता.

आम्ही स्टुडिओत परतलो. "लाव जुनी," बाई म्हणाल्या.

चष्म्याने दोन्ही हात खिशात घातले. "काकांना लावू दे. ती त्यांचं ऐकेल."

"उभ्या जन्मात कधी ऐकलं नाही," मी म्हणालो आणि बटण दाबलं.

दोन झटके, शिंक, अगंबाई. आम्ही तिघंही छतातल्या दिव्यांकडे बघत राहिलो. काही झालं नाही.

"परत लावा, काका," बाई म्हणाल्या. "खात्री झालेली बरी."

मी परत लावली. त्यानंतर कुणी सांगितलं नाही, तरी मी आणखी एकदा लावली. मला कुणी थांबवलं नाही.