मिसर देशाच्या काकड्या

अहो, काय सांगावं त्या दिवशीचं प्रेमाबाईंचं! पोरींना पाढे म्हणायला लावलं आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन एकट्याच हसत उभ्या राहिल्या. नळदुर्गच्या मुलींच्या शाळेतल्या या मास्तरीणबाई, ख्रिस्ती घरच्या, गावाला मुलखाच्या शांत म्हणून माहीत. पण त्या दिवशी त्यांना आनंदाच्या नुसत्या उकळ्या फुटत होत्या. वाचनालयातली नवी कादंबरी त्यांनी सकाळीच वाचून संपवली होती, आणि तिच्यात त्यांना असं काही दिसलं होतं की कधी एकदा सांगते असं झालं होतं.

कादंबरी आपल्याच भागातली. निजामाचं राज्य गेलं, रझाकार पळाले, गावानं गुलाल उधळला. मग आला दुष्काळ. शेवटी रेशनच्या रांगेतली माणसं ती अमेरिकेची लाल मिलो ज्वारी पिशवीत घेतात आणि म्हणतात, "निजामाच्या वक्ताला निदान पांढरी ज्वारी तरी होती!" झालं! गावात एकच गहजब. हिंमतराव पाटलांनी तर ठरावच आणला, की हे पुस्तक वाचनालयातून बाहेर फेका. हिंमतरावांनी त्या काळात तुरुंग भोगलेला, रझाकारांच्या गोळीनं धाकटा भाऊ गेलेला. त्यांच्यापुढं बोलायची कुणाची छाती? संध्याकाळच्या बैठकीत हात वर झाले की पुस्तक गेलंच म्हणून समजा.

प्रेमाबाईंना ते जाऊ द्यायचं नव्हतं. जीव तुटत होता त्यांचा. पण बोलावं कसं? आपल्या शास्त्राचं नाव काढलं, की कुणीतरी म्हणणारच, "बाई, साहेबाचा धर्म सांगू नका, साहेब गेला." हे लहानपणापासून ऐकून ऐकून त्यांचे कान किटले होते.

वाचनालयाचे अध्यक्ष विष्णुपंत, पेन्शनीत निघालेले हेडमास्तर. त्यांनी एक दंडक घालून दिला होता: बैठकीत गोष्ट कुणीही सांगावी, पण ती कुणाची हे शेवटी सांगायचं. आधी नाव कळलं की माणसं गोष्ट ऐकतच नाहीत, आडनाव ऐकतात, असं ते म्हणायचे. सगळे हा दंडक पाळत.

"ठरावाआधी कुणाला काही बोलायचंय?" संध्याकाळी बैठक भरल्यावर विष्णुपंतांनी विचारलं, आणि प्रेमाबाई ताडकन उभ्या राहिल्या. साऱ्या माना वळल्या.

"मला एक गोष्ट सांगायचीय," त्या म्हणाल्या. "एका राजानं एक अख्खी जमात वेठीला धरली होती. उन्हातान्हात विटा थापायच्या, वर चाबूक खायचा. एक दिवस ती माणसं सुटली. राजाची फौज बुडाली, बायका डफ घेऊन नाचल्या. पुढं लागलं वाळवंट. खायला रोज एकच जिन्नस, वरून मिळणारा. रोज तेच, रोज तेच!"

"मिलो!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि सगळी खोली खो खो हसली.

बाईंना आता चेव चढला. "मग ती माणसं रडायला लागली. म्हणाली, तिथं काकड्या होत्या, खरबुजं होती, कांदा-लसूण होता, मासे तर फुकट! इथं काय आहे? त्यापेक्षा तो राजा बरा होता!"

"बास करा!" हिंमतराव उठले. रागानं लालबुंद झाले होते. "हाबी त्याच लेखकाचा माल दिसतोय! सुटलेल्या मानसांची थट्टा करतोय व्हय? पंत, हे पुस्तकबी फेका भाईर!"

"पाटील, हे फेकता नाही यायचं," प्रेमाबाई म्हणाल्या. "हे माझ्या बायबलातलं आहे. मिसर देशातनं, म्हणजे इजिप्तातनं सुटलेल्या लोकांचं."

हिंमतराव उभेच राहिले.

"साहेबानं ते पुस्तक इकडं आणलं, खरंय. पण लिहिलं ते त्यानं नाही. ते वेठीला धरलेल्यांचं पुस्तक आहे. आणि त्यांनी आपलीच लाज त्यात लिहून ठेवली, देवाच्या पुस्तकात! आजवर कुणी ते पान फाडलं नाही. राजा पाठीवरनं एका दिवसात उतरतो हो, पण मनातनं लवकर जात नाही. आपल्या लेखकानं तेच लिहिलंय. हा द्रोह नाही, पाटील. ही सुटकेचीच गोष्ट आहे, पुढची!"

एवढं बोलून बाई मटकन खाली बसल्या. आनंद तर असा की टाळ्या पिटाव्यात. आपण बोललो!

हिंमतराव मात्र खालच्या आवाजात म्हणाले, "ते ज्वारीचं बोलणं... म्याबी बोललोय. मागल्या महिन्यात, रेशनच्या रांगंत. घरी आलो आन् भावाच्या फोटूकडं बघायची लाज वाटली. पुस्तकात तेच वाचलं आन् डोकंच फिरलं माझं."

विष्णुपंतांनी हळूच विचारलं, "मग ठराव?"

"ऱ्हाऊ द्या पुस्तक." हिंमतराव बाईंकडं वळले. "बाई, त्या लोकांस्नी पुढं मुलूख घावला का न्हाय?"

प्रेमाबाईंना खोटं सांगवेना. "घावला, पाटील. पण काकड्यांसाठी रडलेल्यांना नाही. ते वाटेतच गेले. त्यांच्या लेकरांना घावला."

हिंमतराव हळूहळू खाली बसले.

"लेकरांस्नी घावला न्हवं?" ते म्हणाले. "मग लई झालं."