वाकड्या कानाचा ससा

खेळण्यांच्या कारखान्यात आत्याचा दरारा मोठा. तिने तपासल्याशिवाय कापडी ससा खोक्यात टाकायची कोणाची टाप नव्हती. आणि आज तीच बाई दवाखान्याच्या बाकावर मान खाली घालून बसली होती. तिने कौतुकाने आणलेल्या सशाचं नाक, चांगला टपोरा काळा मणी, भाचीच्या घशात अडकलं होतं. डॉक्टरांनी ते काढलं, पोर वाचली, आत झोपली होती. पण भावाचा पारा काही उतरेना.

"लक्ष कुठे होतं गं तुझं?" तो बायकोवर खेकसला. "एक पोर, तीही सांभाळता येत नाही?"

वहिनी बिचारी रडून रडून अर्धी झाली होती. "भाजी परतत होते हो. पाठ फिरली तेवढ्यात..."

आत्या गप्प बसली असती तर कोणाला कळणार होतं? कुणालाच नाही. पण वहिनीचे हुंदके ऐकवेनात.

"दादा, तिला बोलू नकोस. चूक माझी आहे."

मग तिने सगळं ओकून टाकलं. एरवी ती आधी नाक ओढून बघायची, मग डोळे, मग शिवण. पण ससा आणला त्या दिवशी सकाळी साहेब कडाडले, कान वाकडे येतायत, कान बघा! झालं. दिवसभर तिला कानांशिवाय काही दिसेचना. हा ससा हातात आला, कान वाकडा दिसला, की टाकला बाजूला. नाक समोर लोंबत असेल, देव जाणे! एक खोट सापडली, मग दुसरी कोण शोधतंय? संध्याकाळी वाटलं, कान वाकडा असला म्हणून पोरीचं काय अडतंय, आणि ती ससा घरी घेऊन आली.

भाऊ तोंड फिरवून उभा राहिला. वहिनीने पदराने डोळे पुसले. आता ही चार शिव्या हासडणार, आणि हासडायलाच हव्यात, असं आत्याला वाटलं.

"ताई," वहिनी म्हणाली, "त्या दिवशी बाजूला टाकलेले बाकीचे ससे कुठे आहेत?"

आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. ती धडपडत उठली, फोन काढला, पण पहिला नंबर कोणाचा लावायचा? ते ससे तिनेच हसत हसत कारखान्यातल्या बायकांना वाटले होते. ज्यांच्या घरी रांगतं मूल, त्यांना आधी.