इतिवृत्तावरची सही

धाकट्या लेकीचं लग्न झालं त्या वर्षी सातुर्नीना अक्षरं गिरवायला बसली, पंचेचाळिशीत. तिचा नवरा फ्लोरेन्सियो ओरुरोजवळच्या कथिलाच्या खाणीत छताखाली चिरडून मेला होता. छताचे टेकू कुजलेत, असं त्याने खाणकामगार संघाच्या सभेत बजावलं होतं. पण संघाचा अध्यक्ष एवारिस्तो याने ते इतिवृत्तात लिहू दिलं नाही. चौकशीत ‘कुणी सांगितलंच नव्हतं’ असं ठरलं.

पुढे लिहिता येऊ लागल्यावर संघाच्या इतिवृत्ताची वही तिच्याकडे आली. एका सभेत खाणकामगार लेओन्सियो म्हणाला, “खाणीत उतरायच्या पाळण्याचा दोर झिजलाय, दादा.”

“लिहू नकोस गं वहिनी,” एवारिस्तो कोकाची पानं चघळत हसला. “फ्लोरेन्सियोही टेकूंसाठी असाच रडायचा. तेही मी लिहू दिलं नाही. काय वाकडं झालं माझं?”

सातुर्नीनाने शब्दन् शब्द उतरवला. रिवाजाप्रमाणे ती वाचून दाखवायला उठली.

“बस कर बाई, सूप निवतंय! तुझं वाचून होईपर्यंत कार्निव्हल येईल,” एवारिस्तोने तिला अडवलं.

सगळे हसले. एवारिस्तोने न वाचताच सही ठोकली आणि शिक्का उचलला.

“नीट दाबा, दादा,” ती म्हणाली. “स्वच्छ उमटू दे.”

दुसऱ्या दिवशी तिने वही न्यायाधीशापुढे नेऊन ठेवली. एवारिस्तो म्हणाला, बाई खोटारडी आहे. न्यायाधीशाने त्याला त्याचीच सही दाखवली. खाली उतरणारा पाळणा त्याच दिवशी बंद झाला, आणि एवारिस्तोला सहा वर्षांची कैद झाली.

एवारिस्तो तिसऱ्या वर्षी तुरुंगात मेला.