सोड्याची मूठ

माझ्या नवऱ्यानं सख्ख्या भावाचा जबडा फोडला तेव्हा मी हातभर अंतरावर उभी होते. आणि भांडण कशावरून, तर चण्यांवरून. गावाला हसू आलं. मला अजून आलेलं नाही.

गाबेस शहराकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं लबलाबीचं दुकान आहे. शिळ्या पावाचे तुकडे, त्यावर उकडलेले काबुली चणे, जिरं, हरिसाची लाल तिखट चटणी, ऑलिव्हचं तेल. ट्रकवाले सकाळी सातला येतात ते चण्यांसाठी. दाणा आख्खा दिसला पाहिजे आणि जिभेनं दाबला की विरला पाहिजे. आमच्या नळाच्या पाण्यात हे साधणं म्हणजे कसब. पाणी इतकं जड की किटलीच्या बुडाला पांढरे पोपडे धरायचे, साबणाला फेस यायचा नाही, केसांचा काथ्या व्हायचा. नुसत्या त्या पाण्यात दिवसभर उकळले तरी चणे दाताखाली कटकट वाजायचे. म्हणून भिजवताना सोडा घालायचा, तोही मोजून नाही, मुठीनं. आणि मूठ मुंजीची, म्हणजे माझ्या धाकट्या दिराची. सासरे गेल्यापासून भिजवायचं काम त्याचं, शिजवायचं माझ्या नवऱ्याचं, लझहरचं. सोड्याच्या बरणीला तिसऱ्याचा हात लागलेला घरात चालत नसे, माझासुद्धा.

वसंतात मुंजीनं विषय काढला. "दादा, लग्न ठरतंय माझं. बसथांब्यापाशी स्वतःचं छोटं दुकान टाकीन म्हणतो."

"टाक की," लझहर म्हणाला. "आधी माझ्या पाठीत सुरा खुपस, मग टाक."

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी हंड्याचं झाकण काढलं तर आत चणे नव्हतेच, नुसता लगदा. एक ड्रायव्हर म्हणाला, "काय रे लझहर, आता बाळांची पेज विकायला लागलास?" लझहरनं त्याच्या हातातला वाडगा हिसकला आणि त्याच्याच डोक्यामागच्या भिंतीवर फोडला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लगदा. लझहर तडक घरी आला आणि झोपलेल्या मुंजीला गळपट्टी धरून अंगणात ओढलं.

"किती सोडा टाकलास?"

"रोजची मूठ, दादा. आईच्या कबरेची शपथ."

"आईला मध्ये आणतोस, हरामखोरा?" दोन थोबाडीत बसल्या. मी मध्ये पडले तर मलाही ढकललं. कोपर उंबऱ्यावर आपटून सोलवटलं.

आता जे सांगते त्याची मला लाज वाटते. त्याच आठवड्यात मी खुशीत होते. वीस वर्षांत पहिल्यांदा साबणाला फेस आला होता. केस रेशमासारखे झाले होते. बहिणीनं स्फॅक्सहून पाठवलेल्या नव्या साबणाचा गुण, असं म्हणत मी शेजारच्या मबरूकाला वेणी सोडून दाखवली. किटलीला पोपडा धरला नव्हता, तेही बघितलं होतं. पण वाडगे फोडत सुटलेल्या नवऱ्याला केसांचं कौतुक कोण सांगणार?

त्या संध्याकाळी लझहर मुंजीच्या पुढ्यात उभा राहिला. "माझ्या डोळ्यांसमोर टाक." मुंजीनं रोजची मूठ टाकली. सकाळी हंडा उघडला, तर तिसऱ्यांदा लगदा.

"मी झोपल्यावर उठून पुन्हा टाकलास!" लझहर ओरडला आणि लांब दांड्याची लोखंडी पळी फिरवली. काडकन आवाज आला. मुंजी हंड्यावर कोसळला, हंडा उलटला, त्याचा हात कोपरापर्यंत भाजला. लझहरनं दुसरा घाव घातला, तिसरा घातला. चौथ्याला मी दांडा धरला. फरशीवर सांडलेल्या पांढऱ्या लगद्यात मुंजीचे दोन दात पडले होते आणि लझहर हातानं चाचपत त्यांना चणे समजून उचलत होता, "बघ, दोन आख्खे राहिलेत," म्हणत.

मुंजीला इस्पितळात ठेवून आल्यावर मी त्याचा रक्ताळलेला सदरा धुवायला घेतला. साबण जरासाच लावला तर टबभर फेस. किती पाणी ओतलं तरी बुळबुळ जाईना. भिंतीपलीकडून मबरूका म्हणाली, "अगं, हलकं पाणी आहे ते. समुद्राचं पाणी गोडं करतात ना, तेच सोडलंय नळाला. झाले तीन-चार दिवस."

माझे हात टबातच राहिले.

त्या संध्याकाळी चणे मी भिजवले. बरणीला हात लावला नाही. सकाळी शिजवून वाडगा लझहरपुढे ठेवला. दाणे आख्खे होते. एक त्यानं जिभेवर दाबला.

"सोडा?"

"चिमूटभरही नाही. पाणी बदललंय. मुंजीची मूठ रोजचीच होती."

त्यानं वाडगा बाजूला सारला. मग तीच पळी उचलून स्वतःच्या कपाळावर मारत सुटला. मी लगेच हिसकली नाही. दोन-तीन बसू दिल्या.

पोलिसांना मुंजीनं कागदावर लिहून दिलं, "पाय घसरला." जबडा तारेनं आवळलाय, सहा आठवडे नुसतं पातळ चालेल. म्हणून आता लझहर रोज आपल्या हातानं मूठभर सोडा घालतो, चण्यांचा मुद्दाम लगदा करतो, फडक्यातून गाळून इस्पितळात नेतो. त्याला बघितलं की मुंजी भिंतीकडे तोंड करतो. मग वाटी मी घेते आणि तो दातांच्या फटीतून ओढत पितो.

काल त्यानं कागदावर लिहिलं, "वहिनी, घरात एकट्या तुम्हीच माझ्या बाजूच्या."

पाण्याचं त्याला कोणी सांगितलेलं नाही, मीही नाही. केस फडक्यात घट्ट बांधल्याशिवाय मी त्याच्यासमोर बसत नाही.